याकोबाची विहीर आणि आपला गडगा



आज उपवासकाळाचा तिसरा रविवार. आजचे शुभवर्तमान संत योहानाच्या चौथ्या अध्यायातले आहे. ते लांब आहे, आणि मिस्साला उभे राहून ऐकताना मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते हे मला वेदीवरून दिसते. तरी आज सांगितल्याखेरीज राहवत नाही, कारण ही गोष्ट विहिरीची आहे, आणि विहीर म्हणजे काय हे आपल्या किनारपट्टीवरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

भर दुपारची वेळ आहे. प्रभू येशू चालून थकला आहे आणि सुखार गावाजवळच्या विहिरीवर एकटाच बसला आहे. शिष्य अन्न विकत आणायला गावात गेले आहेत. इतक्यात एक शोमरोनी बाई घागर घेऊन येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि ती चकित होते. तू यहुदी, मी शोमरोनी, मग तू माझ्याकडे पाणी कसे मागतोस, असे ती विचारते. कारण यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्यातले पाणी पीत नसत.

आपण हे ऐकतो आणि मनात म्हणतो, दोन परक्या जातींचे वैर असेल. पण तसे नव्हते. ती विहीर याकोबाची होती, आणि याकोब दोघांचाही पूर्वज. ती बाई येशूला सांगते की आमच्या बापाने, याकोबाने, ही विहीर आम्हाला दिली. येशू यहुदी, त्याचाही बाप याकोबच. म्हणजे एकाच आजोबांची नातवंडे. एका घराण्याच्या दोन शाखा झाल्या, एक उत्तरेला राहिली, एक दक्षिणेला. मग देवाची उपासना कुठे करायची यावरून बिनसले. शोमरोनी म्हणत आमच्या गरिझीम डोंगरावर, यहुदी म्हणत यरुशलेमेत. येशूच्या जन्माआधी शंभरएक वर्षे यहुद्यांचा प्रमुख याजक आणि राज्यकर्ता हुर्कानस याने सैन्य नेऊन त्या डोंगरावरचे मंदिर पाडले, आणि त्यानंतर दोघांत बोलणेच उरले नाही. मराठीत याला एक नेमका शब्द आहे: भाऊबंदकी. ती विहीर आजही नाब्लुस शहरात एका चर्चच्या आत दाखवतात. ती इतकी खोल आहे की दोराशिवाय पाणी मिळत नाही. त्या बाईने येशूला हेच सांगितले होते. तुझ्याकडे पोहराही नाही, आणि विहीर तर खोल आहे.

आता मी माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझे आई-वडील देवाघरी गेले आहेत, काकाही गेले, म्हणून सांगायला हरकत नाही. गावाचे नाव सांगत नाही. ते आपल्याच किनाऱ्यावर आहे एवढे पुरे.

आमच्या आजोबांनी एक विहीर खणली. आमच्याकडे तिला बाव म्हणत. तळाला खडक लागेपर्यंत त्यांनी दोन उन्हाळे काढले, असे घरात सांगत. पुढे वाटण्या झाल्या. एक घर माझ्या वडिलांना, दुसरे काकांना, आणि विहीर मधोमध, सामाईक. काही वर्षे बरी गेली. मग दोन माडांवरून सुरुवात झाली. माड कोणाच्या हद्दीत, नारळ कोणी पाडायचे, पडलेले चुडत कोणी उचलायचे, इतक्या क्षुल्लक गोष्टी. एके दिवशी काकांनी चिऱ्यांचा गडगा घातला आणि विहीर पलीकडे गेली. आमचे वडीलही काही कमी नव्हते. त्यांनी काकांच्या घराकडे जाणारी पायवाट काट्या टाकून बंद केली, ती वाट आमच्या भागातून जात होती म्हणून.

त्यानंतर माझी आई पाण्याला दूरच्या विहिरीवर जाऊ लागली. सकाळ-संध्याकाळ तिथे बायकांची गर्दी, आणि गर्दीत प्रश्न. म्हणून ती दुपारी जायची, उन्हात, एकटी. मी लहान होतो. आई दुपारीच पाण्याला का जाते हे मला तेव्हा कळत नव्हते. सेमिनरीत पहिल्यांदा योहानाचा हा अध्याय शिकताना प्राध्यापकांनी विचारले, की ही शोमरोनी बाई दुपारी का आली असेल? वर्गातल्या सगळ्यांनी पुस्तकातले उत्तर दिले. मला आई दिसली.

माझे वडील अत्यंत धार्मिक मनुष्य. उपवासकाळ, ज्याला आपले जुने लोक करेज्म म्हणत, तो त्यांच्याइतका कडक पाळणारा आमच्या वाडीत दुसरा नव्हता. चाळीस दिवस मांस नाहीच, मासळीही नाही. दारू तर नाहीच नाही. शुक्रवारी क्रुसाची वाट अनवाणी. पुण्य सप्ताहात दाढी नाही. आणि त्या सगळ्या वर्षांत, अकरा वर्षे, सख्ख्या भावाशी एक शब्द नाही. दोघे एकाच चर्चमध्ये एकाच मिस्साला येत. काका डाव्या बाजूला बसत, वडील उजव्या. दोघेही ख्रिस्तशरीर स्वीकारत. मी वेदीसेवक होतो, थाळी हनुवटीखाली धरायला मीच असे. आधी काकांच्या, मग वडिलांच्या.

काका अचानक गेले. भरती-ओहोटीसारखे दोन दिवस आजारपण, आणि संपले. कबरीवर माती टाकताना वडिलांचा हात थरथरत होता. ती त्यांनी भावाला अकरा वर्षांत दिलेली पहिली वस्तू, मूठभर माती. त्या रात्री आईने पेज केली, खारवलेल्या बांगड्याचे दोन तुकडे भाजले आणि कोणाला न विचारता गडग्यावरून पलीकडे गेली. काकींच्या घरी चूल पेटलेली नव्हती. काकी जेवल्या की नाही मला आठवत नाही. आईला निघताना त्या म्हणाल्या ते मात्र आई मरेपर्यंत सांगत असे: "बाव तुमची पण आसा गो. फाल्यां कळशी घेवन ये." दुसऱ्या दिवशी वडिलांनी स्वतः गडग्याचे चिरे काढले, एक माणूस घागर घेऊन जाईल एवढे. बाकीचा गडगा अजून आहे.

मी धर्मगुरू झाल्यावर एकदा सुट्टीत घरी गेलो होतो. पडवीत बसलो असता मी वडिलांना विचारले, पाय, तुम्ही दर करेज्माला कुमसाराला जात होता, मग फादरांनी तुम्हाला काकांबद्दल काही सांगितले नाही का? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी कधी सांगलंयच नाय. पाप तेचा. माझा नाय ता मी कित्याक सांगू?"

बंधू-भगिनींनो, हे वाक्य मी पंधरा-वीस वर्षे मनात घेऊन कुमसाराच्या जाळीमागे बसतो आहे. लोक येतात आणि सांगतात, प्रार्थना चुकली, रागावलो, खोटे बोललो, मिस्सा बुडवली. हे सगळे खरे असते. पण जिथे खरी जखम आहे ते कोणी बोलत नाही. लपवतात म्हणून नव्हे. ते पाप आपले आहे असे त्यांना मनापासून वाटतच नाही, ते भावाचे, जावेचे, शेजाऱ्याचे असते. त्यामुळे पाप सांगितले जात नाही, आणि पुढच्या ईस्टरपर्यंत तसेच राहते. वर्षातून निदान एकदा गंभीर पापे सांगावीत हा नियम ख्रिस्तसभेने 1215 साली लॅटरनच्या चौथ्या धर्मपरिषदेत घातला आणि आजच्या धर्मनियमातही तो आहे. नियम आपण पाळतो. आठशे वर्षांच्या नियमाला बगल कशी द्यायची हेही आपल्याला चांगले जमते.

उपवासाचेही तसेच. आता थोडे स्पष्ट बोलतो, रागावू नका. शुक्रवारी मांस वर्ज्य, हा नियम संत पोप पॉल सहावे यांनी 1966 साली नव्याने समजावून सांगितला. 1983 च्या धर्मनियमाप्रमाणे चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांनी मांस वर्ज्य करायचे, आणि अठरा पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंत सर्वांनी राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी उपवासही करायचा. आजारी माणसांना अर्थातच सूट. पण हा नियम झाला तो ज्या देशांत मांस ही चैन होती आणि मासळी गरिबाचे खाणे, त्यांच्या अनुभवातून. मालवणच्या माणसाला शुक्रवारी कोंबडी नको, सुरमई खा, असे सांगणे म्हणजे त्याला शिक्षा की बक्षीस? शुक्रवारच्या बाजारात सुरमईचा भाव विचारा. एकदा एका घरी शुक्रवारी मला आग्रहाने जेवायला बसवले. सुरमईचे तिखले, सुंगटांचे सुके, वर सोलकढी, आणि यजमान नम्रपणे म्हणाले, फादर, आज उपवासाचा दिवस, साधेच केले आहे. मी जेवलो. अगदी पोटभर जेवलो, हेही कबूल करतो.

नियम मोडा असे मी म्हणत नाही. नियम पाळून वर जे आपल्याला खरोखर जड जाते ते करा. ज्याला मासळीशिवाय घास उतरत नाही त्याने शुक्रवारी पेज आणि लोणचे खावे आणि वाचलेले पैसे दाराजवळच्या कॅरितासच्या पेटीत टाकावेत. ज्याला मोबाईल सोडवत नाही त्याने रात्रीच्या रोझरीच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत ठेवावा. आणि ज्याला सगळे सोडवते, मासे, दारू, मोबाईल, पण गडग्यापलीकडे पाऊल टाकवत नाही, त्याचा उपवास कोणता हे त्याला माहीत आहे. माझ्या वडिलांना चाळीस दिवस मासळी सोडणे सोपे होते. हंगामातला बांगडा समोर आला तरी त्यांची नजर ढळत नसे. त्यांना कठीण होते ते पंचवीस पावले चालणे.

येशूने विहिरीवर काय केले ते पाहा. त्याने त्या बाईला आधी उपदेश केला नाही. तुमचे मंदिर चुकीचे, तुमची वंशावळ भेसळीची, आमचेच खरे, असे काही तो म्हणाला नाही. त्याने पाणी मागितले. ज्याचे वैर आहे त्याच्याकडे काहीतरी मागणे हे देण्यापेक्षा कठीण असते. आपण देऊ शकतो. ख्रिसमसला शेजारी नेवऱ्या पाठवायच्या झाल्या तर मुलाच्या हातून पाठवतो. पण मला तुझी गरज आहे, माझ्याकडे पोहरा नाही, तुझ्या घागरीतले पाणी दे, असे म्हणायला मान खाली घालावी लागते. प्रभूने ती घातली.

मग ती बाई लगेच जुना वाद काढते, उपासना या डोंगरावर की यरुशलेमेत? येशू म्हणतो की पित्याला हवे आहेत आत्म्याने आणि सत्याने उपासना करणारे, डोंगराचा प्रश्न मागे पडणार आहे. इथे मला आपला धर्मग्राम आठवतो. आपल्याकडेही एक डोंगर आणि एक यरुशलेम आहे: सकाळची मिस्सा कोंकणीत की मराठीत? या प्रश्नावरून आपल्या पॅरिश कौन्सिलमध्ये जे बोलले गेले ते इथे छापणार नाही. फक्त एक आठवण करून देतो. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज जेसुइट 1579 साली गोव्यात आले. त्यांनी मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचले, ते 1616 साली रायतूरला छापले गेले. त्याच फादर स्टीफन्सनी लहान मुलांसाठी आणि नवख्यांसाठी धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले, ते कोंकणीत. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1622 साली छापून आले. परदेशातून आलेल्या एका माणसाच्या मनात या दोन भाषा शेजारी शेजारी सुखाने नांदल्या. आपण तर घरात एका वाक्यात दोन्ही बोलतो. म्हणून यंदा उपवासकाळात मी ठरवले आहे की क्रुसाच्या वाटेची सात स्थाने कोंकणीत आणि सात मराठीत होतील. ज्यांना हे पटत नाही त्यांनी मला भेटावे, चहा मिळेल, निर्णय बदलणार नाही.

हल्ली आपल्या गडग्यांची उंची वाढली आहे, त्याचेही कारण सांगायला हवे. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. रेल्वे आली, 2021 साली चिपीला विमानतळ सुरू झाला. ज्या पुळणीला पूर्वी कोणी विचारत नव्हते तिथे आता गुंठ्याचे भाव ऐकून छाती दडपते. जमिनीला भाव आला आणि भावाचा भाव उतरला. सातबाऱ्यावर वीस-वीस, तीस-तीस नावे आहेत. निम्मी मुंबईत, काही गल्फमध्ये, काही कबरीत. आपल्या धर्मग्रामात मी घरभेटीला फिरतो तेव्हा कौले कोसळलेली घरे पाहतो. पैसे नाहीत म्हणून ती पडलेली नाहीत. एका सहीसाठी पडली आहेत. एक म्हणतो तो आधी सही करू दे, दुसरा म्हणतो "तेणां आधी येवक होया". आणि मधल्या खोलीत एक म्हातारी बाय पावसात टोपे मांडून बसलेली असते. ती कोणाची आई, कोणाची काकी. दोघेही तिला दर महिन्याला पैसे पाठवतात, हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम सांगतो.

मी कोणाचे नाव घेतलेले नाही. हे वाचून निदान आठ-दहा कुटुंबांना वाटेल की फादरांनी हे आमच्याबद्दल लिहिले, आणि त्याहून अधिक लोकांना वाटेल की हे शेजारच्यांबद्दल आहे. दुसऱ्या गटाची मला जास्त काळजी वाटते.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. समेट म्हणजे हक्क सोडणे नव्हे. जमीन तुमची असेल तर रीतसर मोजणी मागा, कागद करा, गरज पडली तर वकील करा. भावाला कोर्टात भेटूनही बाहेर त्याच्याशी बोलता येते. बोलणे बंद करून कागदही होत नाही आणि समेटही होत नाही, हे आपण पाहिलेच आहे. आणि ज्या बहिणीला घरात मारहाण होते, जिच्या जिवाला धोका आहे, तिला मी जाऊन समेट कर असे कधीही सांगणार नाही. तिने माझ्याकडे किंवा सिस्टरांकडे यावे, दिवस-रात्र कधीही. येशूने त्या शोमरोनी बाईला तिच्या घरातल्या दुःखाची आठवण दिली ती तिला टोचण्यासाठी नव्हे. आतापर्यंत कोणी तिच्याशी त्याबद्दल सरळ बोललेच नव्हते. म्हणून तर ती घागर तिथेच ठेवून गावात धावली.

त्या गावकऱ्यांनी येशूला राहण्याची विनंती केली आणि तो तिथे दोन दिवस राहिला, असे योहान लिहितो. ही ओळ आपण घाईत वाचतो. यहुदी माणूस शोमरोनी गावात दोन दिवस राहिला म्हणजे त्यांच्या घरी जेवला, त्यांच्या अंथरुणावर निजला, त्यांच्या भांड्यातले पाणी प्यायला. भाऊबंदकी मोडली ती विहिरीवर नव्हे, त्या दोन दिवसांच्या जेवणात.

शिमग्याचे ढोल अजून काही वाड्यांत वाजत आहेत. आपल्या हिंदू बांधवांची होळी आणि आपला ईस्टर दोन्ही चंद्राच्या हिशोबाने येतात, त्यामुळे आपला उपवासकाळ आणि त्यांचा शिमगा नेहमीच एकमेकांना भेटतात. 2024 साली तर झावळ्यांचा रविवार आणि होळीची रात्र एकाच दिवशी, 24 मार्चला आली होती. आपण झावळ्या घेऊन निघालो आणि संध्याकाळी त्यांनी होळी पेटवली. असे दिवस जवळ आले की मला एक गोष्ट जाणवते. शिमग्याला वाडीतली भांडलेली घरेही देवाच्या मांडावर एकत्र येतात, मानपानाचे वाद घालत का होईना, पण येतात. आपण क्रुसाच्या वाटेला तरी यावे.

म्हणून या शुक्रवारपासून क्रुसाची वाट चर्चमध्ये न होता वाडीत होईल. संध्याकाळी साडेपाचला चर्चच्या पायऱ्यांवरून निघू, आणि शेवटचे स्थान वाडीच्या खुरसाजवळ होईल. स्थाने चौदा, ही संख्या पोप क्लेमेंट बारावे यांनी 1731 साली पक्की केली. क्रूस दर स्थानाला दोघांनी उचलायचा आहे, एकाने नव्हे. पाचव्या स्थानाला सायमनने येशूचा क्रूस उचलला तो स्वखुशीने नव्हे, त्याला जबरदस्तीने लावला होता, हे लक्षात असू द्या. यंदा दोघे म्हणजे शेजारच्या दोन घरांतले दोघे. नावे सॅक्रिस्टीत द्यायची आहेत. ज्यांना स्वतः नावे द्यायचा संकोच वाटतो त्यांची नावे मी लिहून ठेवीन आणि कोणाची का लिहिली हे कोणाला सांगणार नाही.

सर्वांत शेवटी कुमसाराबद्दल. गुरुवारी संध्याकाळी पाचपासून मी जाळीमागे बसेन. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जायला सांगितले आहे. ज्यांना आधी तिकडे जायचे आहे त्यांनी तिकडे जाऊन यावे, घाई नाही. त्यांच्यासाठी शनिवारीही बसेन. चर्चचे बाजूचे दार रात्री दहापर्यंत उघडे राहील आणि पडवीतला दिवा चालू असेल. कोणी त्याहून उशिरा आले तर मागच्या बाजूने येऊन माझ्या खिडकीवर टकटक करावी.

तुमचा,
फादर